सुरांची सोयरीक

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याचे जे दोन तालुके जुन्या जिल्ह्याच्याच दप्तरी राहिले, त्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून लग्नसराईच्या दिवसांत सायंकाळी जो कोणी प्रवास करील, मग तो मुंबई-नाशिक महामार्गाने असो की कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने असो, त्याच्या कानांवर गावामागून गाव एकच घोष पडत राहील. कुठे ना कुठे हळद लागली आहे आणि डीजे वाजतो आहे. लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा असला आणि अक्षता, मानपान, जेवणावळी हे सारे त्या दिवसासाठी राखून ठेवलेले असले, तरी या मुलखात उत्सवाचा खरा भर आदल्या रात्रीच्या हळदीवर असतो. अंगणात किंवा कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या भाताच्या शेतात मांडव पडतो आणि आजीपासून नातवापर्यंत सारे घर नाचायला उतरते. या नाचाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो डीजे चालवणारा तरुण एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जातो कसा, आणि तसे जाताना कोणत्या दोन गोष्टींचा हिशेब त्याला ठेवावा लागतो, हा या लेखाचा विषय आहे. एक लय आणि दुसरी पट्टी. पुष्कळ सुशिक्षित मंडळी या आवाजाला गोंगाट म्हणून बाजूला सारतात. मला मात्र हा विषय आपल्या संगीतविचाराच्या गाभ्याला भिडणारा वाटतो.

हा तरुण येण्यापूर्वी इथल्या लग्नाच्या रात्रीला षड्ज एकच असे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आगरी, कोळी, वारली अशा समाजांत विधीमागून विधी चालू असताना धवळारीण धवळे गाते. तिला पेटी लागत नाही, तबला लागत नाही. चारपाच स्वरांच्या आटोपशीर चालीत ती ओळ टाकते, भोवतीच्या बाया ती उचलतात, आणि तिच्या गळ्याला त्या संध्याकाळी जो स्वर सापडला तोच सगळ्यांचा षड्ज होतो. भजनी मंडळाची रीत याहून काटेकोर. बुवांच्या आवाजाला मानवेल ती पट्टी, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, पेटीवाला मुक्रर करतो. पखवाजी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापून तिचा स्वर हवा तेवढा उतरवतो, उजव्या पुडीच्या वाद्यांखाली सरकवलेले लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून ती पुडी षड्जाला आणून भिडवतो, पुन्हा एकदा पेटीच्या स्वराशी पडताळा घेतो, आणि एकदा हा बंदोबस्त झाला की पहाटेपर्यंत अभंग बदलतात, राग बदलतात, गाणारे बदलतात, परंतु षड्ज हलत नाही. हलते ती लय. आणि तीही पहिल्या अभंगाच्या ठाय चालीपासून शेवटच्या गजरापर्यंत इतक्या बेताने चढते की ती दुप्पट नेमकी कोणत्या घटकेला झाली हे कुणाला सांगता येऊ नये.

पुढे बँजो पार्टी आली. हा आपला बँजो म्हणजे जपानात नागोया येथील गोरो मोरिता याने १९१२ साली सिद्ध केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवलेले हे वाद्य आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून रुळले, विजेच्या जोडणीने मोठ्या आवाजाचे झाले, आणि ताशा-ढोलांच्या बरोबरीने वरातीत चालू लागले. बँजोवाला सिनेमाचे गाणे वाजवो की कोळीगीत वाजवो, तारा ज्या स्वराला लावल्या असतील त्याच पट्टीत तो ते उतरवून घेतो. त्यामुळे एका गाण्याच्या शेपटाला दुसरे गाणे बांधताना स्वरांचा तंटा म्हणून कधी उद्भवतच नाही. लय तर त्याच्या शेजारच्या ढोलवाल्याच्या मनगटात असते.

डीजेने ही व्यवस्था मुळापासून बदलली. त्याच्या संगणकातील प्रत्येक गाणे आपापला षड्ज आणि आपापली लय घेऊन आलेले असते, कारण ते ज्या गायकाच्या गळ्यासाठी, ज्या स्टुडिओत, ज्या साली मुद्रित झाले त्याची मोहोर त्यावर कायमची उठलेली असते. अशी दोन गाणी नाच न मोडता जोडायची म्हणजे काही काळ ती दोन्ही एकदम वाजू द्यावी लागतात, आणि हा काळ कधी अर्धा मिनीट, कधी त्याहूनही अधिक असतो. त्या अर्ध्या मिनिटात लय विसंगत असेल तर पाय अडखळतात, हे नाचणाऱ्याला तत्काळ कळते. पट्टी विसंगत असेल तर काय होते हे त्याला सांगता येत नाही, परंतु त्याचे मन उगाच उद्विग्न होते आणि तो पाणी पिण्याच्या निमित्ताने बाजूला होतो. दोन षड्ज एकाच मांडवात नांदवण्याचा हा प्रश्न आमच्या गावांपुढे यापूर्वी कधी आला नव्हता, आणि म्हणून त्याचे उत्तर परंपरेत आयते सापडत नाही. सापडतात ती त्या उत्तराची साधने.

या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने विचार ज्या संगीतात झाला त्याचे नाव ड्रम अँड बेस. हळदीच्या मांडवात ते सहसा ऐकू येत नाही, पण त्याच्या शिस्तीतून शिकण्यासारखे फार आहे. १९६९ साली अमेरिकेतील द विन्स्टन्स या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक रचना मुद्रित केली. तिच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक जेमतेम सात सेकंद एकटाच ड्रम वाजवतो. वीसएक वर्षांनी इंग्लंडातील तरुणांनी ते सात सेकंद यंत्रात घेतले, त्यांचे तुकडे पाडले, मूळची मिनिटाला सुमारे १३६ ठोक्यांची गती वाढवत वाढवत १७० च्या पलीकडे नेली आणि खाली अतिशय मंद्र, रुंद पावलांचा बेस घातला. १९९० च्या दशकाच्या आरंभी जंगल आणि त्यातून ड्रम अँड बेस या नावाने जो संप्रदाय उभा राहिला त्याच्या पायात हे सात सेकंद आहेत. कोलमन २००६ साली निवर्तला तोवर या सात सेकंदांपोटी त्याच्या पदरात मानधनाचा छदामही पडला नव्हता, हे लिहिताना मनाला फार लागते. संप्रदायाला मात्र मान मिळाला. १९९५ साली गोल्डीचा ‘टाइमलेस’ आला, १९९७ साली रोनी साइझ आणि रेप्रझेंट यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ला ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक लाभले, आणि दोनच वर्षांनी तेच पारितोषिक तालविन सिंग या तबलावादकाच्या ‘ओके’ला मिळाले, ज्यात तबल्याचे बोल आणि या संगीताचे ड्रम एकाच आवर्तनात बांधलेले आहेत.

ड्रम अँड बेसच्या बहुतेक रचना मिनिटाला १७४ ठोक्यांच्या आसपास असतात. गती ठरूनच गेली, म्हणजे तिची ढोबळ चिंता मिटली. आणि ज्याची ढोबळ चिंता मिटते तो सूक्ष्माकडे वळतो. अँडी सी या नामांकित वादकाने दोन रचनांचे ऐन उत्कर्षबिंदू एकाच क्षणी, एकावर एक आणून सोडण्याची रीत गाजवली. दोन्हींचे ड्रम, दोन्हींचे स्वर त्या क्षणी एकदम कोसळतात, आणि तिथे लय तर सोडाच, पट्टीतली चूकही लपवायला आडोसा राहत नाही.

लय जुळवण्याची प्रत्यक्ष कृती अशी. टेक्निक्स कंपनीने १९७२ साली एसएल-१२०० ही तबकडी फिरवणारी चाकी बाजारात आणली, आणि १९७९ च्या सुधारित आवृत्तीत तिच्या उजव्या कडेला एक सरकपट्टी दिली, जी पुढेमागे सरकवली असता तबकडीची गती आठ टक्क्यांपर्यंत वाढते वा घटते. तबकड्या गेल्या तरी ती सरकपट्टी आजच्या कन्सोलवर कायम आहे. एक गाणे लोकांसाठी वाजत असते. दुसरे केवळ हेडफोनमध्ये, एकाच कानावर. एक कान मांडवाचा, एक कान येणाऱ्या गाण्याचा, अशा अवस्थेत तो तरुण दोन्हींतला ठोका ऐकतो. मिनिटाला १७४ ठोक्यांत दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदाच्या हजार भागांपैकी ३४५ भाग असते. दुसरे गाणे १७५ चे असेल तर हे अंतर ३४३ भाग होते. फरक दोन भागांचा, कुणाच्या कानाला न कळणारा. परंतु तो प्रत्येक ठोक्याला साचत जातो, पंधराव्या ठोक्याला तीस भाग होतो, आणि आरंभापासून पाच सेकंद उलटले न उलटले तोच एका ठोक्याच्या जागी दोन फुटके ठोके ऐकू येऊ लागतात. तेव्हा बोटाच्या पेराने सरकपट्टी केसभर ओढायची, मागे पडलेले गाणे चाकीला हलकासा धक्का देऊन पुढे आणायचे, पुन्हा ऐकायचे. आता यंत्रात हे काम एका बटणावर होते, आणि त्यात काही कमीपणा आहे असे मी मानत नाही. परंतु ज्याने ते हाताने केले आहे त्यालाच यंत्र चुकले केव्हा हे कळते.

ठोका जुळला म्हणून काम संपत नाही. सम जुळली पाहिजे. तबलजी जसा केवळ मात्रा मोजत नाही, आवर्तन मोजतो, तसेच इथे आहे. ड्रम अँड बेसची रचना सोळा सोळा मापांच्या खंडांत चालते. चार ठोक्यांचे एक माप धरले तर खंडाचे ६४ ठोके होतात, म्हणजे त्रितालाची बरोबर चार आवर्तने, आणि १७४ च्या गतीत त्यांना २२ सेकंद लागतात. येणारे गाणे जाणाऱ्या गाण्याच्या खंडाच्या समेवर सुरू करायचे. हा नियम पाळणाऱ्याची जोडणी श्रोत्याला ठरवूनच रचलेली वाटते, आणि तो मोडणाऱ्याची, ठोके तंतोतंत मिळालेले असूनही, कुणी तरी बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तोडल्यासारखी.

आता लय आणि पट्टी यांचे नाते. मुद्रित गाण्याची गती वाढवली की त्याचा स्वरही चढतो; गती सहा टक्क्यांनी वाढवली तर पेटीवरची जवळजवळ पूर्ण एक पट्टी चढते. १७० चे गाणे १७४ ला नेले तर लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग कल्पून त्यांपैकी चाळीस भाग ते वर सरकते, आणि मग ते ना काळी एक राहते ना पांढरी दोन. जुन्या तबकडीवर यावर इलाज नव्हता. कोलमनचे ड्रम १३६ वरून १७० ला नेले तेव्हा ते जवळजवळ चार पट्ट्या चढले, आणि त्या संगीतातल्या ड्रमचा तो ताणलेला, टणक आवाज त्यातूनच आला. आता यंत्रात गती आणि स्वर अलग करण्याची सोय आहे, आणि थोड्या फरकापुरती ती उत्तम चालते. फार ओढाताण केली की मात्र ढोलाच्या थापेची धार बोथट होते, आणि हलगी-संबळाची गाणी त्यात सर्वांत अधिक मार खातात.

कोणती पट्टी कोणत्या पट्टीशी जुळते, हा प्रश्न भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना आहे. ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी, असे तिथे सांगितले आहे. आपल्या नित्याच्या भाषेत, षड्जाशी मध्यमाचे आणि पंचमाचे जे नाते ते. पेटीवर पांढरी एकला षड्ज मानून तिचा पंचम घ्या, त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम घ्या, आणि असेच चालत राहा: पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन, पांढरी सात, काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पाच, पांढरी चार, आणि तिथून पुन्हा पांढरी एक. बारा पट्ट्यांचे हे वर्तुळ पुरे होते, आणि जगभरचे डीजे आज ज्या कॅमेलॉट चक्राचा आधार घेतात ते मार्क डेव्हिस यांनी रचलेले चक्र याच वर्तुळावर बसवलेले आहे. त्यात स्वरांच्या नावांऐवजी घड्याळासारखे एक ते बारा आकडे आहेत. ‘८बी’ म्हणजे पांढरी एकमधला बिलावल, अर्थात सारे स्वर शुद्ध असलेला थाट, ‘९बी’ म्हणजे पांढरी पाचमधला, ‘७बी’ म्हणजे पांढरी चारमधला. आपल्या आकड्यावर राहावे, नाहीतर शेजारच्या आकड्यावर जावे, एवढाच त्याचा कायदा.

हा कायदा का चालतो? सोयरीक जमवताना जाणती माणसे प्रथम दोन्ही घरांना सामाईक असे गणगोत शोधतात, पट्ट्यांचेही तेच. पांढरी एक आणि पांढरी पाच यांच्या बिलावलांत सातांपैकी सहा स्वर सामाईक आहेत, म्हणून त्या दोन घरांत येणेजाणे सहज होते. याउलट पांढरी एक आणि काळी एक पेटीवर एकमेकींना खेटून बसलेल्या, पण त्यांच्या बिलावलांत सामाईक स्वर दोनच. अंगणाला अंगण लागून असले म्हणून सोयरीक होत नाही, हे अनुभवी माणसांना ठाऊक असते. नवशिका डीजे मात्र याच शेजारावर भुलतो. चक्रातील ‘ए’ अक्षराची घरे कोमल स्वरांची आहेत. ‘८ए’ म्हणजे पांढरी सहाला षड्ज मानून गायलेला आसावरी थाट, आणि त्याच्या पट्ट्या ‘८बी’च्याच सात पांढऱ्या पट्ट्या आहेत, आपल्याकडे ज्याला मूर्च्छना म्हटले ती हीच. आनंदी गाण्यातून करुण गाण्यात जाण्याचा सर्वांत निर्वेध मार्ग हा.

शुद्ध संवादाचे आग्रही पेटीच्या या बारा समान भागांवर आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप आदरणीय आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची मोजदाद करून क्लेमेंट्स या न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुतींच्या पेटीचा पुरस्कार केला, तो याच असमाधानातून. पेटीचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा शंभरांतले दोनच भाग उतरलेला असतो. गंधार मात्र चौदा भाग चढा असतो. डीजेच्या जोडणीचा भार पंचमावर असल्यामुळे त्याचे काम निभावून जाते, एवढेच.

बेसच्या बाबतीत मात्र निभावून जात नाही. पांढरी पाचचा मंद्र स्वर सेकंदाला ४९ कंपनांचा घेतला तर त्याच्या लगतची काळी चार ५२ कंपनांच्या आसपास येते. हे दोन स्वर मोठ्या स्पीकरवर एकदम वाजले की त्यांच्यातील फरकाइतके, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन हेलकावे उठतात. आवाज फुगतो, बसतो, फुगतो, बसतो, आणि ही तिसरीच लय ना या गाण्याची असते ना त्या गाण्याची. छातीवर जो बेस जाणवतो तोच असा डळमळू लागला की नाचणाऱ्याच्या पायांखालची जमीन गेली म्हणून समजावे. इतक्या खालच्या सप्तकात संवादी स्वरसुद्धा एकमेकांत कालवून गढूळ होतात. म्हणून ड्रम अँड बेसच्या वादकांनी एक नियम सहसा पाळला: बेस कोणत्याही क्षणी एकाच गाण्याचा. येणाऱ्या गाण्याचा बेस पूर्ण उतरवून ते आत घ्यायचे, आणि खंडाच्या समेवर एका हाताने जुना बेस काढून दुसऱ्या हाताने नवा द्यायचा. आमच्या तरुणांनी या संप्रदायाकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी. पुष्कळदा दोन बेसांच्या झटापटीत गाणे अस्पष्ट झाले म्हणून आवाज चढवला जातो, आणि मग दोष साऱ्या डीजेवर्गाच्या माथी येतो.

यंत्राने काढून दिलेल्या पट्टीवर डोळे मिटून विसंबणे आपल्या गाण्यांना मानवत नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाण्याची पट्टी ओळखणारे संगणक-कार्यक्रम जगातील यच्चयावत गाणी दोनच साच्यांत घालतात. एक बिलावलाचा, दुसरा आसावरीचा. पांढरी तीनला षड्ज मानून भैरवी गायली तर तिचे सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात. यंत्राला ते सात स्वर दिसतात आणि ते ‘८ए’ किंवा ‘८बी’ असा दाखला देऊन मोकळे होते. षड्ज कुठे आहे हे त्याला कळलेलेच नसते. पांढरी दोनवरच्या काफीचेही असेच. असे गाणे चक्राप्रमाणे जोडले तर स्वर भांडत नाहीत, पण गाणे जिथे विसावते ती जागा आणि पुढचे गाणे जिथून उठते ती जागा यांचा मेळ बसत नाही. गावातल्या भजनी बुवांना हे यंत्राच्या आधी कळते. डीजेवाला पोऱ्या मोबाइलवर गाणे लावून विचारतो, “बुवा, याचा सा कुठला?” आणि बुवा पेटीवर दोनतीन बोटे फिरवून म्हणतात, “काळी दोन आहे रे, पण जरा चढी लागते,” तेव्हा त्या ‘जरा चढी’त मुद्रणाच्या वेळी वाढवलेल्या गतीची साक्ष असते.

या दोषाच्या उलट एक मोठी अनुकूलताही आपल्या लोकगीतांत आहे. पुष्कळशा चाली पाचच स्वरांच्या. मध्यम आणि निषाद वगळलेल्या भूपाच्या वळणाच्या. पांढरी एकवरची असे पाच स्वर घेणारी चाल पांढरी एकच्या घरात तर बसतेच, शिवाय पांढरी चार आणि पांढरी पाच या दोन्ही शेजारघरांतही तिचा एकही स्वर परका ठरत नाही. ज्या स्वरांवरून तंटा व्हायचा ते स्वर तिच्यात नाहीतच. म्हणून अशी चाल दोन दुरावलेल्या गाण्यांच्या मध्ये घातली असता ती दोहोंनाही सांभाळून घेते. धवळ्यांच्या चारपाच स्वरांच्या चाली शतकानुशतके कोणत्याही गळ्यात उतरत आल्या त्याचेही मर्म हेच असावे.

लयीच्या प्रांतात असाच एक सुखद योग आहे, आणि मला तो या साऱ्या विषयातला सर्वांत मनोहर भाग वाटतो. कोळीगीते आणि हळदीची आगरी गाणी बहुतांशी दादऱ्याच्या अंगाने, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पाडत चालतात. अशा गाण्याचे मिनिटाला ११६ ठोके असतील तर त्याच्या लहान मात्रा ३४८ होतात. ड्रम अँड बेसचा ठोका दोन भागांत मोडतो; १७४ ठोक्यांच्या लहान मात्रा पुन्हा ३४८ च. म्हणजे वरवर पाहता ज्या दोन गतींचा काडीचाही संबंध नाही, त्या एकाच वस्त्राच्या दोन वेगळ्या घड्या आहेत. एकीने तीन तीन मात्रांचे गट केले, दुसरीने दोन दोनांचे. सहा लहान मात्रांनी दोन्ही पुन्हा एका जागी येतात. आपला तबलजी याला दीडपट म्हणतो आणि लेहऱ्यावर सहज करून दाखवतो. याच कारणामुळे यंत्र अशा गाण्याची गती कधी ११६ सांगते, कधी १७४. डीजेने गोंधळून न जाता दोन्ही आकडे खरे मानावेत. त्या धावत्या ड्रमवर कोळीगीत अलगद ठेवले, पट्टी चक्राच्या शेजारघरातली निवडली आणि बेस एकाचाच ठेवला, तर नाचणारी आजी आपल्या सहाच्या पावलाने नाचेल, नातू आपल्या चारच्या पावलाने नाचेल, आणि दोघांचेही पाऊल समेला पडेल. शिवाय १७४ ची निम्मी ८७ होते, आणि त्या ठाय गतीची कितीतरी भावगीते याच ड्रमखाली एकपटीने चालू शकतात.

उघड्या मैदानाची म्हणून एक अडचण इथे आहे, जी शहरातल्या बंदिस्त दालनात वाजवणाऱ्यास ठाऊक नसते. हवेतून जाणाऱ्या ध्वनीला एक मीटरला सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भाग लागतात. डीजेचे टेबल पडवीत आणि स्पीकरच्या भिंती वीस मीटर दूर रस्त्याच्या कडेला, अशी मांडणी गावात सर्रास असते. तेव्हा त्याच्या मोकळ्या कानावर पडणारा ठोका साठ भाग उशिरा पोचतो, आणि वर सांगितलेच की तीस भागांनीच ठोका फुटतो. हेडफोनमधल्या गाण्याशी त्याने तो उशिराचा ठोका जुळवला की मांडवात सारे विस्कटलेले ऐकू येते आणि त्याला मात्र ते बरोबर वाटत राहते. एक लहानसा स्पीकर आपल्या कानाशी ठेवणे, नाहीतर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकणे, एवढी तजवीज पुरते.

वेळेची मर्यादाही सरकारने घालून दिलेली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मज्जाव आहे, आणि वस्तीच्या भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मी या नियमाचा पक्षपाती आहे. झोपलेले मूल, आजारी म्हातारा आणि परीक्षेचा अभ्यास करणारी पोर यांचाही गावावर हक्क असतो; आणि कलेच्या दृष्टीनेही मुदत ठरलेली असली म्हणजे संध्याकाळला आकार येतो. सातला ठाय गाण्यांनी आरंभ, चक्रावर एकेक घर पुढे सरकत आठनंतर मध्य लय, साडेनवाच्या सुमारास शिखर, आणि अखेरच्या काही मिनिटांत निम्म्या गतीवर उतरून शेवट, हा आराखडा भजनी मंडळाच्या चढत्या लयीहून फारसा निराळा नाही.

या सगळ्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. आषाढात भाताच्या लावणीत माणसे गुंतलेली असतात आणि लग्ने नसतात. श्रावण लागला की गावोगाव हरिपाठ आणि सप्ताह बसतात, पेट्या बाहेर निघतात, आणि गणपतीची कामे अजून महिनाभर दूर असतात. त्या दिवसांत दुपारी मंदिराच्या पडवीत बुवांच्या शेजारी बसावे, हळदीला हटकून मागितली जाणारी गाणी एकेक लावून त्यांचा षड्ज पेटीवर शोधून घ्यावा, आणि संगणकातल्या गाण्याच्या नावापुढेच तो टिपून ठेवावा: काळी एक, ११६, भूपाचे अंग; पांढरी तीन, ८७, भैरवी, यंत्राचा आकडा धरू नये; काळी दोन, जरा चढी, सरकपट्टी दोन टक्के खाली.